आधी सांगा, मग सही

गिऱ्हाईक पळवून लावण्यात आमच्या मुन्शीजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या सोनपेठ तालुक्यात नव्हता. तहसीलच्या भिंतीलगत माझं टायपिंग-झेरॉक्सचं पत्र्याचं दुकान, आणि दुकानासमोर त्यांचं टेबल. ते मजकूर सांगणार, मी टाइप करणार, असा आमचा जोडधंदा. अर्ज-दस्त लिहून देणारे आणखी चौघं तिथं बसायचे. त्यांच्याकडं माणूस दहा मिनिटांत मोकळा व्हायचा. मुन्शीजींकडं दहा मिनिटं तर त्याला खाली बसवून पाणी पाजण्यातच जायची.

कारण त्यांचा एक कायदा होता, जो कुठल्याच पुस्तकात नाही. कागदाखाली ज्याला सही करायची, त्यानं आधी तो कागद काय म्हणतोय हे आपल्या तोंडानं सांगायचं. तेही कागदातला एकही शब्द न वापरता.

"मुन्शीजी, तुमी लिहा हो. आमाला काय कळतंय त्यातलं!" असं कुणी म्हणालं की संपलंच.

"कळत न्हाई तर सही कशाला करायलास? अंगठा काय शेजाऱ्याचा मागून आणलास का?"

असा सोललेला माणूस मग निम्म्या वेळा उठून पलीकडच्या टेबलावर जायचा आणि त्याच्याबरोबर माझं टायपिंगही जायचं. माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचो, "मुन्शीजी, लोकाला घाई असती. एस.टी. गाठायची असती." ते चष्मा पुसत म्हणायचे, "एस.टी. रोज हाय राजा. कागद एकदाच होतो." कप्पाळ माझं!

माणूस सत्तरी ओलांडलेला, काटकुळा. परभणीचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको, पण हे गृहस्थ मे महिन्यातसुद्धा अर्ध्या बाह्यांचा विटका स्वेटर घालून यायचे. विचारलं तर म्हणायचे, "कोर्टात अख्खी नोकरी पंख्याखाली गेली, गारठा हाडात शिरलाय." कोर्टात ते कारकून होते. निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचायला त्यांच्यासारखा दुसरा माणूस नव्हता, म्हणून निवृत्तीनंतरही लोक त्यांना शोधत यायचे. उर्दू त्यांना वडलांनी शिकवली. घरात तुळस, तोंडात उर्दू, आणि बोलणं अस्सल आपलं.

तहसीलच्या आवारात दोन कुत्री होती. त्यांची नावं त्यांनीच ठेवलेली, वादी आणि प्रतिवादी. दोघांची जुंपली की म्हणायचे, "आज तारीख दिसतीय." त्यांच्या टेबलाची खुर्ची तहसीलच्या भंगारातून आलेली. एकदा नवीन आलेल्या तलाठ्याला ते मालकी, कब्जा आणि वहिवाट समजावून सांगत होते. तलाठ्यालाच बरं का! "हे बघा साहेब, खुर्चीची मालकी सरकारची. कब्जा माझा. आणि मी चहाला गेलो की रोज हितं प्रतिवादी झोपतो, कुणी हटकत न्हाई, ती त्याची वहिवाट." तलाठी बिचारा हसला, आणि मग खिशातून डायरी काढून त्यानं ते लिहून घेतलं.

त्यांच्याकडं एक जाडजूड रजिस्टर होतं. त्यात तीन रकाने. पहिल्यात जुना शब्द, दुसऱ्यात आजचा, आणि तिसऱ्यात एखाद्या गिऱ्हाइकानं त्याचा सांगितलेला अर्थ. मला आधी वाटायचं, म्हाताऱ्याचा चाळा आहे. एक दिवस ते चहाला गेले तेव्हा मी चाळून बघितलं. ‘तहकूब’पुढं लिहिलं होतं, ‘जेवायला बोलावलं आणि दारातूनच उद्या या म्हणलं — पोखर्णीची एक बाई.’ ‘वहिवाट’पुढं, ‘मेंढरं हाकावी लागत न्हाईत, आपसूक वळतात, ती — येलदरीकडचा मेंढपाळ.’ ‘जामीन’पुढं एकाच म्हाताऱ्याचे तीन अर्थ होते, बहुतेक त्याला तीनदा भोगावं लागलं असावं. दुकानात गर्दी असून मी अर्धा तास वाचत बसलो.

एकदा एक गृहस्थ आले, कडक इस्त्रीतले. हातात लॅमिनेशन केलेला जुना उर्दू कागद. म्हणाले, "आमचे पणजोबा निजामाच्या दरबारात मोठे अधिकारी होते. हा त्यांचा राजीनामा. मराठीत करून द्या, दिवाणखान्यात लावायचाय." मुन्शीजींनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि हळूच म्हणाले, "बसा. पाणी प्या." मी ओळखलं, आता काही खरं नाही. त्या काळी शेतसारा भरणं जमेनासं झालं की माणूस राजीखुशीनं जमीन सरकारला सोडतो असं लिहून द्यायचा, त्यालाही राजीनामा म्हणत. पणजोबा अधिकारी वगैरे कुणी नव्हते. एका बैलजोडीचे शेतकरी होते आणि रान सोडून आले होते. गृहस्थांचा चेहरा पडला. मुन्शीजी म्हणाले, "साहेब, दरबारातली नोकरी सोडायला काय लागतंय? रान सोडून ज्यानं पुन्हा घर उभं केलं आणि चौथ्या पिढीला इस्त्रीचे कपडे घातले, तो मोठा. लावा दिवाणखान्यात, मी देतो लिहून." आणि दिलं त्यांनी. पैसेही घेतले नाहीत. माझे टायपिंगचे तेवढे बुडाले.

आणि चिडायचे म्हणजे कशावर? शब्दावर. आमच्या समोरच्या हॉटेलवाल्याचा पोरगा मारामारीच्या प्रकरणात अडकला. जामिनावर सुटून आला आणि बापाच्या गल्ल्यावर बसू लागला, तर गिऱ्हाइकं कुजबुजायची, "गुन्हेगाराच्या हातचा चहा!" एक दिवस मुन्शीजींनी ऐकलं. कप ठेवला, उठून उभे राहिले आणि भर हॉटेलात कोर्टात पुकारा करावा तसा आवाज चढवला. "कोण म्हणलं रे गुन्हेगार? मुलजिम हाय तो, मुजरिम न्हाई. ज्याच्यावर आळ हाय तो मुलजिम. ज्याच्यावर शाबीत झालं तो मुजरिम. या दोन शब्दांच्या मधे अख्खं कोर्ट बसवलंय सरकारनं, आणि तू भजं खाताखाता निकाल द्यायलास का?" पोरगा मान खाली घालून कप विसळत होता. पुढं तो निर्दोष सुटला. पण सुटायच्या आधीची दीड-दोन वर्षं मुन्शीजी रोज त्याच्याच हातचा चहा मागवायचे, तेवढं मी डोळ्यानं बघितलं.

एवढं सगळं मी इतकी वर्षं शेजारी बसून बघितलं आणि हसलो. गंमत वाटायची. आपल्यावर वेळ आली नव्हती ना!

माझे वडील गेले. आई आधीच गेलेली. चार एकर रान, त्यावर वारस म्हणून दोन नावं लागली, माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं. आक्का मानवतकडं दिलेली. दाजी वारल्यावर सासरच्यांनी तिला एका खोलीत काढून ठेवलं होतं. ती आणि तिची पोरगी, लोकाच्या रानात रोजानं जायची. आता आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. बाप गेला की बहिणींना बोलवायचं, हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, साडी-चोळी करायची, हॉटेलात भजी-जिलेबी खाऊ घालायची आणि एस.टी.त बसवून द्यायचं. ‘हक्क सोडायचाय’ असं कुणी म्हणत नाही. ‘नाव कमी करायचंय’ म्हणतात. माझ्या दुकानात मी असे किती दस्त टाइप केले असतील, गणती नाही.

मलाही करायचं होतं. रस्त्याकडच्या एकराला एक प्लॉटिंगवाला गिऱ्हाईक आला होता. तो विकून मला तहसीलसमोर पक्कं दुकान घ्यायचं होतं. तो म्हणाला, "बहिणीचं नाव काढून आणा, मग बघू." बायकोनं भरीस घातलं वगैरे म्हणणार नाही मी. माझ्याच मनात होतं. मी म्हटलं, सगळेच करतात, आपण काय वेगळं करतोय?

अडचण एकच, मुन्शीजी. पलीकडच्या टेबलावर जावं तर रोज तोंड दाखवायचं. म्हणून मी अक्कल लढवली. त्यांचा प्रश्न तर मला पाठच होता. दोन दिवस आधी आक्काला फोन केला आणि उत्तर शिकवलं. "आक्का, म्हातारा विचारंल. तवा म्हणायचं, ‘बापाच्या रानात माझं जे काय होतं ते मी भावाला देऊन टाकलं. आता तिथं माझं काही न्हाई. पुन्हा मागायला येणार न्हाई.’ म्हण बरं." तिनं म्हटलं. दोनदा म्हणून घेतलं. "असंच म्हणायचं?" "असंच." "बरं."

आक्का अकराच्या एस.टी.नं आली. ठेवणीतलं लुगडं, डोक्याला तेल. माझा दस्त टाइप करून तयार, दोन साक्षीदार तयार, नव्या साडीची पिशवी खुर्चीवर तयार. मुन्शीजींनी तिला बसवलं, पाणी दिलं. "बाई, कागद काय म्हणतोय?"

आक्का उठून उभी राहिली. शाळेत कविता म्हणायला उभं करतात तशी. हात जोडून, वरच्या पत्र्याकडं बघत एका दमात सगळं म्हणून मोकळी झाली. एक शब्द चुकला नाही.

"लय चांगलं सांगितलंस," मुन्शीजी म्हणाले. मी पेन पुढं केला. "थांब रे. बाई, कधीपासून पाठ करायलीस?"

आक्काला खोटं येत नाही. लहानपणी माझ्या चोऱ्यासुद्धा तिच्यामुळंच उघड्या पडायच्या. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सांगून टाकलं, "परवापासनं म्हणायलेय. कापूस वेचताना बी म्हणायले. चुकलं तर भावाचं काम आडंल म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुन्शीजी ओरडले असते तर परवडलं असतं. ते ओरडले नाहीत. खुर्ची माझ्याकडं वळवली आणि म्हणाले, "आता तू सांग."

"मी? सोडणार ती हाय, मी कशाला?"

"कागद तुझ्यासाठी हाय. तिच्या तोंडाकडं बघ आणि सांग, ती काय सोडायलीय. कागदातला शब्द नको."

साक्षीदार गालातल्या गालात हसत होते. मी म्हटलं, हात्तिच्या, यात काय! "आक्का, तुझं नाव कमी—"

"हे कागदातलं."

"तुझा हिस्सा—"

"हे बी कागदातलंच."

इतक्या वर्षांत असले दस्त शेकड्यानं टाइप केलेला माणूस मी. आक्का माझ्याकडं बघत होती, मदत करावी तशा नजरेनं. मी म्हणालो, "आक्का, म्हंजे उद्या पोरीला घेऊन तुला रानात यायचं झालं, खोपटं टाकायचं झालं, दोन शेरडं बांधायची झाली, तर मला विचारावं लागंल. आणि मी न्हाई म्हणलो तर..."

"तू कशाला न्हाई म्हणशील?" आक्का म्हणाली.

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. साक्षीदारांचं हसणं थांबलं. मग माझ्या तोंडून ते निघालंच, जे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. "आक्का, रस्त्याकडचं रान मी विकायलोय. प्लॉट पडणार हायत तिथं."

"कवा?"

"पुढच्या महिन्यात."

"मला वाटलं, तू पेरणार हाईस," एवढंच म्हणाली.

मी दस्त हातात घेतला. "मुन्शीजी, मला न्हाई सांगता येत."

"मग टाइप बी करता येणार न्हाई. बंद कर ती मशीन," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

मी त्यांच्यावर असा भडकलो होतो की काय सांगू! चारचौघांत लाज काढली. दुकानाचं दार ओढून घेतलं आणि आक्काला सोडायला बसस्टँडवर गेलो. साडीची पिशवी पुढं केली तर म्हणाली, "ठेव. दिवाळीला दे." गाडीला वेळ होता. दोघं बाकावर बसलो. तिनं विचारलं, "भाऊ, न्हाई सोडलं तर काय होतंय रे?"

"मग ते तुझंच ऱ्हातंय."

"किती?"

"निम्मं."

"निम्मं?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी थट्टाच करतोय. "मला वाटलं, बहिणीचं म्हंजे साडीपुरतंच असतंय."

गाडी लागली. ती चढली, खिडकीतनं हात केला. मी स्टँडवरच बसून राहिलो. रडलो म्हणायला लाज कशाची, रडलो.

आठ दिवस मी मुन्शीजींशी बोललो नाही. ते मजकूर सांगायचे, मी मुकाट्यानं टाइप करायचो. नवव्या दिवशी मीच त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, "वाटपाचा अर्ज सांगा." म्हातारा असा खुलला! हॉटेलवाल्याला हाक मारून स्पेशल चहा सांगितला, वादी-प्रतिवादीला बिस्किटं टाकली. प्लॉटिंगवाल्यानं मला वेड्यात काढलं आणि दुसरीकडं गेला. घरात चार दिवस भांड्यांचा आवाज मोठा येत होता, मग तोही कमी झाला.

आक्का पुन्हा आली. या वेळी फोनवर मी काहीच शिकवलं नव्हतं. मुन्शीजींनी विचारलं, "बाई, वाटणी म्हंजे काय?" आक्कानं विचार केला, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. म्हणाली, "मी हिकडं, भाऊ तिकडं. मधी बांध. आन् बोलणं चालू."

मुन्शीजींनी रजिस्टर ओढलं आणि तिसऱ्या रकान्यात ते जसंच्या तसं लिहून घेतलं. लिहिताना नाक ओढायचा आवाज मी ऐकला. स्वेटर घालूनही सर्दी होते माणसाला, असं मला म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दहाव्याला मी गेलो तर अंगणात बायाच बाया. मी त्यांतल्या निम्म्यांना ओळखत होतो, टेबलापुढं पाणी पीत बसलेल्या पाहिल्या होत्या. त्यांच्या लेकीनं रजिस्टर माझ्या हातात दिलं. म्हणाली, "बाबा म्हणले, त्याच्याकडं दे, त्याला टायपिंग येतंय." तेव्हापासून रोज एक पान मी टाइप करतो. उर्दू शब्द लागला नाही की मुन्शीजींच्या लेकीला फोन करतो, तिलाही बापाकडून थोडी आली आहे. आणि माझ्या टेबलावर हक्कसोडीचं काम आलं की भावाला आधी खुर्चीवर बसवतो. गिऱ्हाईक तुटतंय, तुटू द्या. पक्कं दुकान व्हायचं तेव्हा होईल.

आक्का आता पोरीला घेऊन इकडंच आली आहे. पत्र्याची खोली टाकली, चार शेळ्या आहेत, वाटणीत तिच्याकडं आलेल्या रस्त्याकडच्या तुकड्यात औंदा सोयाबीन लावलंय. पीक पाहणीचे दिवस आले तसं गावात मोबाइलवर पिकांची नोंद करायला एक बाई फिरायला लागल्या, परगावच्या, नवीन. आक्का खुरपत होती. मी बांधाच्या अलीकडं माझ्या रानात होतो. बाईंनी मोबाइल काढला, आजूबाजूला बघितलं आणि आक्काला म्हणाल्या, "मावशी, या रानाचे खातेदार कुठं हायत? बोलवा की त्यांना, पिकात उभं करून फोटो घ्यायचाय."

सवयीनं माझा पाय बांधाकडं वळला होता. आक्कानं खुरपं खाली ठेवलं, हात पदराला पुसले.

"बोलवायचं कुणाला? मीच हाय," ती म्हणाली, आणि सोयाबीनमधे जाऊन उभी राहिली.